घाटवाटेचे कर्ते

पुस्तक यायच्या आधी त्याचं शुद्धिपत्रक आलं. म्हणजे पुस्तकात कुठं कुठं चुका आहेत त्याचा कागद. अमुक पान, अमुक ओळ, 'बैल' असे छापले आहे तेथे 'बैल दोन' असे वाचावे. आता ज्या पुस्तकाचं आम्ही अजून तोंड पाहिलेलं नाही, त्यातला एक बैल आम्ही दोन कसा वाचायचा? मी आमच्या हिला म्हटलं, हा माणूस वेडा आहे. ती म्हणाली, "वेडा नाही हो, प्रामाणिक आहे. चूक आधीच सांगतो." ती सगळ्यांबद्दल असंच बोलायची. माझ्या माघारी माझ्याबद्दलही तसंच काहीतरी बोलत असणार.

त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही. डोंबिवलीला त्यांचे नातेवाईक आहेत, भली माणसं आहेत, त्यांना कशाला त्रास. पुस्तकावरही नाव नव्हतं, नुसतं 'कर्ते' असं छापलेलं. म्हणून आम्ही सगळे त्यांना कर्तेच म्हणायचो, आणि त्यांना ते आवडायचं. सडपातळ अंग, उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला मफलर, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, आणि चेहरा असा की आत्ताच कोणीतरी त्यांच्या पुस्तकाचं पान दुमडलंय.

खेळ काय होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. चार माणसं सतरंजीवर बसतात. एक सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. सूत्रधार म्हणतो, समोर ओढा आहे, पाणी चढलंय, काय करता? आपण सांगायचं, मी बैलाची शेपटी धरून पलीकडे जातो. मग फासे टाकायचे. चांगले पडले तर पोचलात, वाईट पडले तर वाहून गेलात. लहान पोरं भातुकली खेळतात, त्यात फासे घातले की झाला हा खेळ. हे मी एकदा कर्त्यांच्या तोंडावर बोललो, तर त्यांनी कित्येक दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. ते त्याला खेळसुद्धा म्हणू द्यायचे नाहीत. 'कथाक्रीडा' म्हणायचं. मी चौथी शिकलेला माणूस, बॉयलरवर कोळसा ओढणारा. माझ्या जिभेवर तो शब्द कधी बसला नाही.

त्यांच्या भाच्यानं परदेशातून असल्या खेळाचा डबा पाठवलेला, इंग्रजीतला. कर्ते त्या वेळी विम्याच्या हापिसात होते. त्यांनी डबा वाचला, नोकरी सोडली, आणि आपला मराठी खेळ काढला, 'घाटवाट'. पूर्वी कल्याणच्या बंदरात गलबतं लागायची, तिथून माल बैलांवर लादून मुरबाडवरून घाट चढून जुन्नरला न्यायचे, त्याची गोष्ट. कर्ते अभिमानानं सांगायचे, "त्यांच्या खेळात राक्षस असतात. आपल्यात जकात असते." आणि खरंच, पुस्तकात जकातीवर इतकी पानं की वाचता वाचता माणूस म्हातारा व्हावा. मीठ, सुपारी, कापड, प्रत्येकाचा दर वेगळा, कारकुनाशी कसं बोलायचं त्याचेही फासे. आणि चोर अंगावर आले तर? तिथं एकच ओळ. 'हाणामारी : पुढील खंडात पाहावी.' म्हणजे चोरांनी पण पुढच्या खंडापर्यंत दम धरायचा.

आमच्याकडे हा खेळ कसा आला, तर माझा सुपरवायझर कर्त्यांचा साडू. साहेबानं आधी तो शुद्धिपत्रकाचा कागद वाटला, मग एक दिवस पाळी सुटताना गेटवर उभं राहून प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक ठेवलं. नाही कोण म्हणणार? बाकीच्यांनी घरी नेऊन त्यांच्या पुड्या बांधल्या. मी टेबलाच्या आखूड पायाखाली घातलं. आमच्या हिनं ते काढून वाचलं. ती सातवी झालेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं, दुपारी घरात एकटी असायची. मी कामावरून आलो तर म्हणते, "अहो, यात मधल्या पानावर माणसं पाहिजेत असं लिहिलंय. गायकवाडांना बोलवा."

गायकवाड आमच्याच चाळीतले, विठ्ठलवाडीला, दोन दारं सोडून. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते. ते आणि वहिनी दोघं आली. हिनं वाटण्या केल्या. गायकवाड व्यापारी झाले, वहिनी वैदीण, मी बैल हाकणारा. मी विचारलं, मलाच का बैल? तर म्हणे, "तुम्हाला कमी बोलावं लागेल." सूत्रधार ती स्वतः. आणि बाई गोष्ट काय सांगायची. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला आणि ही बाई अशी बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. कल्याणच्या बंदरातलं गलबत तिनं असं लावलं की गायकवाडांनी पाय वर घेतले, पाणी लागेल म्हणून.

मग दर रविवारी दुपारी आम्ही बसायला लागलो. मासळी खाऊन, भांडी घासून, सतरंजी टाकून.

पण खेळणं सोपं नव्हतं, कारण मध्ये कर्ते होते. पुस्तक ज्या छापखान्यात छापलं तिथं फक्त लग्नाच्या पत्रिका छापायचे. त्यामुळं प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कलश आणि नारळ, आणि 'चोरांचा हल्ला' या मथळ्याच्या वर सनई-चौघडा. नकाशा होता, तो पुस्तकाच्या बरोबर मध्ये शिवलेला, आणि घाटाची वाट नेमकी टाचण्यांच्या खाली गेलेली. वाट बघायची तर पुस्तक उसवायचं. फासे पुस्तकाबरोबर मिळायचे होते, ते मागाहून आले. त्यातल्या एकावर पाच नव्हताच, चारच दोनदा होता. ही डोंबिवलीला कर्त्यांच्या घरी जाऊन विचारून आली. कर्ते म्हणाले, पाच पडणं आयुष्यात दुर्मीळच असतं. वर शिकवण.

आणि शंका विचारायची तर त्याचे पण नियम. जोडकार्ड पाठवायचं, म्हणजे उत्तराचं कार्ड आपणच जोडून द्यायचं. एका कार्डावर एकच शंका. उत्तर यायचं, पण काय? 'आपली शंका योग्य आहे. पुढील खंड पाहावा.' नाहीतर, 'आपण जुन्या आवृत्तीवरून विचारत आहात.' हा त्यांचा आवडता शब्द, आवृत्ती. समोर बसून काही विचारलं तरी डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "कोणती आवृत्ती?" त्यांच्या बायकोनं जेवायला वाढू का विचारलं तरी तेच, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. ती बाई शाळेत शिकवायची, सगळं घर तिच्यावर. एकदा आमच्या हिनं तिला विचारलं, तुम्ही कसं चालवता हो यांच्याबरोबर? ती भाजी निवडत म्हणाली, "माझी पहिलीच आवृत्ती चालू आहे, सुधारणा काही झाली नाही."

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे कर्ते स्वतः कधी खेळले नव्हते. एकदाही नाही. हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांचं म्हणणं, कर्त्यानं खेळायचं नसतं. स्वैपाक्यानं जेवायचं नसतं म्हटल्यासारखं.

तर दुसरा खंड आला. जाडजूड. आम्ही मुरबाड गाठलं, ओढे ओलांडले, जकाती भरल्या, आणि खंडाच्या शेवटच्या पानावर आमचा तांडा घाटाच्या पायथ्याशी आला. तिथं छापलेलं, 'येथे तांडा मुक्कामास थांबवावा. पुढील खंड हाती येईपर्यंत कोणीही घाट चढू नये. चढल्यास तो तांडा बाद समजावा.'

दुसरं कोणी असतं तर पुस्तक फेकून घाट चढलं असतं. गायकवाड तेच म्हणाले, वर चढू, कोण बघायला येतंय. पण आमची ही. तिचं असं होतं की हातात घेतलेली गोष्ट अर्धी सोडायची नाही आणि पोथी सांगते तशीच करायची. श्रावणात पारायणाला बसली की मधली ओवी विसरली तर अध्याय पहिल्यापासून वाचायची. हे पुस्तक तिनं तसंच धरलं. म्हणाली, "तांडा वर न्यायचा, पण रीतीनं न्यायचा. कर्त्यांनी सांगितल्याशिवाय नाही." गायकवाड हसून म्हणाले, "वहिनी, आम्ही पोथ्या सोडून एवढी वर्षं झाली, तुम्ही आम्हाला परत पोथीला बसवलंत." पण बसले.

आणि आम्ही थांबलो. खरंच थांबलो. तिसरा खंड आज येईल, उद्या येईल. (तो आजपर्यंत आलेला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, कोणी वाट बघू नये.) पण रविवार तर यायचाच. मग हिनं मुक्कामाचीच गोष्ट सुरू केली. पायथ्याशी तिनं एक वस्ती उभी केली. लोहार आला, ताक विकणारी एक विधवा आली, बैलांच्या घुंगरमाळा चोरणारा एक चोर आला, आणि तो वहिनींच्या वैदिणीला मावशी म्हणायला लागला. गायकवाडांचा व्यापारी इतका चिक्कू झाला की चिमूटभर मीठ उसनं द्यायला फासे टाकायचा. माझ्या बैलवाल्याचं तिनं त्या ताकवालीशी लग्न लावून दिलं, आणि ताकवालीचा आवाज स्वतःच काढायची. गोष्टीत मी तिच्याशी भांडलो की संध्याकाळी घरात आमटीला फोडणी नसायची. लोक म्हणतील हे कसलं खेळणं. मला काय माहीत. चाळीत त्या वेळी सगळ्यांकडे टीव्ही आले, रविवारी सगळे टीव्हीसमोर. आमच्या दाराशी मात्र दोनचार बाया निवडणं घेऊन बसायच्या, त्या ताकवालीचं पुढं काय झालं ऐकायला.

कर्त्यांना हे कळलं ते ठाण्याच्या मेळाव्यात. कोपरीला एका शाळेचा वर्ग मिळवून त्यांनी 'घाटवाट' घेतलेल्या लोकांचा मेळावा भरवला. आम्ही चौघं नवे कपडे घालून गेलो. मला वाटलं तिथं सगळे खेळतील. कुठलं काय. फळ्यावर जकातीचा तक्ता, आणि कर्ते छडी घेऊन समजावतायत. बाकावर बसलेली मोठमोठी माणसं, बँकेतली, हापिसातली, जांभया देतायत. शेवटी शंका विचारा म्हणाले. आमची ही उभी राहिली. पदर सावरून म्हणाली, कर्ते, आमचा तांडा पायथ्याशी थांबलाय, अजून किती थांबवायचा?

कर्त्यांनी डोळे मिटले. "कोणती आवृत्ती?"

"तुम्ही दिलीत ती."

"थांबणं हाही क्रीडेचाच भाग आहे."

"ते कळलं. आम्ही थांबलोच आहोत. चोराला आता आम्ही बैलांकडे ठेवलंय, सुधारलाय तो. पण ताकवालीला दिवस गेलेत. ती बाळंत व्हायच्या आत घाट चढायला हवा ना."

वर्गात सगळे वळून हिच्याकडे बघायला लागले. कर्त्यांनी छडी खाली ठेवली. विचारलं, कोण ताकवाली? ताकवाली कुठल्या पानावर आहे? मग हिनं सगळं सांगितलं, मुक्कामात काय काय झालं ते. ती सांगत गेली आणि त्या बँकवाल्यांनी बाकं ओढून तिच्याभोवती गोल केला. एकानं विचारलं, मग चोर पकडला कसा? फळा एकीकडे, कर्ते एकीकडे. त्यांनी शाळेची घंटा वाजवली.

"मुक्कामाचे नियमच आम्ही केलेले नाहीत," ते म्हणाले.  "नियम नाहीत तिथं तुम्ही खेळता कसं? हे सगळं अनधिकृत आहे."

हिनं हात जोडले. "मग अधिकृत लवकर काढा, कर्ते. आम्ही काही पळून जात नाही."

परतताना गायकवाड म्हणाले, त्या माणसाला आज राग नाही आला, त्याला आज भूक लागली. मला तेव्हा ते कळलं नाही.

लवकर काढा म्हटल्यावर कर्त्यांनी काय केलं? तिसरा खंड सोडून दिला आणि पहिल्याची सुधारित आवृत्ती काढली. जुनी पुस्तकं चालणार नाहीत म्हणे. कशात काय बदल याचं पत्रक आलं. त्यात लिहिलेलं, वैदीण हे पात्र रद्द, तिची कामे जकात-कारकुनाकडे वर्ग. गायकवाड वहिनींनी ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं त्या वैदीण होत्या, सगळ्या तांड्याचे ताप त्यांनी उतरवलेले. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता पावती फाडून ताप उतरवायचा?" आणि पत्रकाची घडी करून शेगडीत घातली. कर्त्यांचं पत्रक आमच्याकडे न मानलेलं ते पहिलंच. आमची ही बघत होती, तिनं अडवलं नाही.

नंतर हिच्या पोटात गाठ निघाली. ते सगळं मी लिहीत नाही. ठाण्याला इस्पितळात ठेवली, मग घरी न्या म्हणाले. घरी न्या म्हणजे काय ते मला कळलं आणि तिला पण कळलं. तिनं देवाधर्माचं काही काढलं नाही, माहेरचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "तांडा वर पोचवायचा राहिला हो. कर्त्यांना विचारून या ना."

मी डोंबिवलीला गेलो. कर्ते टेबलाशी बसलेले, भोवती कागद. पहिल्या खंडाची तिसरी आवृत्ती चाललेली. मी सांगितलं, ही आजारी आहे, घाट चढायचा आहे तिला, तिसऱ्या खंडात काय आहे तेवढं द्या. कच्चं असेल तरी चालेल.

ते म्हणाले, अजून लिहून झालेलं नाही.

मी म्हटलं, मग तोंडी सांगा. मी जाऊन तिला सांगतो.

"तोंडी सांगितलेलं बदलतं," कर्ते म्हणाले. "छापलेलं टिकतं."

"तुमचं छापलेलं कुठं टिकलं?" मी म्हटलं. "आमची वैदीणसुद्धा टिकली नाही."

त्यांनी समोरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, वहिनींना म्हणावं जरा धीर धरा. दिवाळीपर्यंत नक्की.

"दिवाळी नाहीये तिच्याकडे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता आवृत्ती विचारतो, आणि विचारली असती तर मी तिथंच त्यांचा मफलर आवळला असता. पण विचारली नाही. डोळे मिटूनच बसले. त्यांची बायको दारात येऊन उभी होती, तिनं मला पाणी दिलं. मी पाणी पिऊन निघालो.

घरी येऊन तिला जसंच्या तसं सांगितलं. खोटं सांगून तिला पटलं नसतं.  ती म्हणाली, "बाद तर बाद. आपण चढू. दोष लागला तर मला लागेल."

त्या रविवारी तिला भिंतीला टेकवून बसवली. गायकवाड आले, वहिनी आल्या. घाट सुरू झाला. तिचा आवाज बारीक झालेला, आम्ही तिघं पुढं सरकून ऐकत होतो. पायऱ्या खोदलेल्या, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, बैल ओळीनं. ताकवाली माझ्या बैलवाल्याच्या पुढं, पोर पाठीशी बांधलेलं. प्रत्येक वळणावर ती विचारायची, काय करता? आम्ही सांगायचो. फासे पडायचे. शेवटची वळणं राहिली तेव्हा तिला धाप लागली. म्हणाली, उरलेलं पुढच्या रविवारी.

मधल्या एका दुपारी मी तिचे पाय चेपत होतो तेव्हा तिनं वर काय आहे ते मला सांगून ठेवलं. मी म्हटलं, तूच सांग रविवारी. ती म्हणाली, "तुम्ही ऐकून ठेवा. बैलवाल्याला पण माहीत असावं."

पुढचा रविवार आला. ती नव्हती.

तेराव्यानंतर कर्ते आमच्याकडे आले. त्या घरात पहिल्यांदाच. मफलर होताच. खुर्चीवर बसले, तिच्या फोटोकडे बघत राहिले, आणि माणसं अशा वेळी जे काही बोलतात त्यातलं एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "फोटोची छपाई स्वच्छ आहे." गायकवाड आणि वहिनी तिथंच होते. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, हा आता मारतो की काय म्हणून.

मग खिशातून पेन्सिल काढून फोटोकडे दाखवली. "वहिनींनी घाटाच्या वर काय ठेवलं होतं?"

"कशाला?"

"तिसऱ्या खंडासाठी. मी किती वेळा लिहिलं आणि फाडलं. बंदर दिसतं, मुरबाड दिसतं, पायथा दिसतो. वर काय आहे ते मला दिसतच नाही." मग म्हणाले, "शेवटच्या पानावर त्यांचे आभार मानू."

मला हसू येत होतं का राग येत होता ते माझं मलाच कळेना. आमची बाई ज्याच्या एका शब्दासाठी इतकी वर्षं पायथ्याशी बसून राहिली, तो माणूस तिच्याच घरी पेन्सिल घेऊन आला, वर काय आहे विचारायला. आणि बदल्यात देणार काय, तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आभार. तेही पुढच्या आवृत्तीत रद्द.

मी म्हटलं, "सांगणार नाही. वर काय आहे ते वर गेल्यावर कळतं. खाली बसा."

ते म्हणाले, कर्त्यानं खेळायचं नसतं.

"मग चहा घ्या आणि जा."

ते खुर्चीच्या कडेला सरकले. मग चपला काढून सतरंजीवर आले. गुडघे मोडून बसता येईना त्यांना, इतकी वर्षं टेबलाशी. तिच्या जागेवर बसायला लागले तर वहिनींनी हातानं थांबवलं आणि दाराकडची जागा दाखवली. मी सूत्रधार झालो. मला तिच्यासारखं येत नव्हतं, मी आपलं सरळ सांगितलं. शेवटची वळणं आहेत. बैल दमलेत. तुम्ही कोण?

कर्ते म्हणाले, "जकात-कारकून."

गायकवाड फिसकन हसले. मी म्हटलं, ठीक आहे, पहिलं वळण आहे, वाट निसरडी आहे, काय करता?

कर्ते इकडंतिकडं बघायला लागले. पुस्तक शोधत होते. मी म्हटलं, पुस्तक बघायचं नाही, घाटात आहात तुम्ही. कडा आहे, दरी आहे, पुढं बैल आहे. बोला.

"मी," ते म्हणाले, आणि पुन्हा थांबले. त्यांनी मफलर सैल केला. "मी बैलाच्या ओझ्याची तपासणी करतो."

"इथं?"

"तो माझा अधिकार आहे."

मी फासे त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते असे धरले की कोणाच्या घरचं तान्हं पोर हातात दिलंय. टाकले. एक आणि एक. घाटाचा तेवढा एक नियम दुसऱ्या खंडात आधीच छापलाय, दोन्ही फासे एक पडले तर माणूस दरीत. मी म्हटलं, कर्ते, तुम्ही गेलात.

"असं कसं? असा नियमच नाही."

वहिनींनी पुस्तक काढून ते पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांचंच पान, कोपऱ्यात कलश आणि नारळ. त्यांनी ते वाचलं. आपलं लिहिलेलं पहिल्यांदाच वाचतायत असं वाचलं. मग विचारलं, "म्हणजे आता मी काय करायचं?"

"बसून राहायचं," गायकवाड म्हणाले. "आम्ही जातो वर."

आणि आम्ही गेलो. कर्ते भिंतीला पाठ लावून बसले. एका वळणावर व्यापाऱ्याची सुपारीची गोणी दरीत गेली, गायकवाड खरोखरीचे हळहळले. चोरानं एक बैल सावरला. वैदिणीनं ताकवालीचं पोर आपल्याकडे घेतलं. मध्ये एकदा कर्त्यांनी हळूच विचारलं की ते पोर मुलगा आहे का मुलगी. मी म्हटलं, मुलगी. पेन्सिल त्यांच्या हातात होती, पण ती चालत नव्हती.

शेवटचं वळण झालं. तिघं माझ्याकडे बघत होते. मी तिनं सांगितलं होतं तसंच सांगितलं. वर आलात. इथं बाजार नाही. राजवाडा नाही, जकातीचं नाकं नाही, सोनंनाणं काही नाही. मोकळं पठार आहे, गवत आहे, वारा आहे. खाली बघितलं तर आपला मुक्काम दिसतो, चुलींचा धूर दिसतो. आता दुसरं काही करायचं नाही. ओझी उतरवा.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. गायकवाड म्हणाले, मी उतरवली. खरंच खांदे सोडून बसले.

दाराकडून कर्त्यांनी विचारलं, "आणि माझं?"

मी म्हटलं, "तुम्ही मेलात, कर्ते. मेलेल्याला कसलं ओझं?"

बोलून गेलो, आणि मग तिच्या फोटोकडे नजर गेली. गायकवाडांनी माझ्या मुठीतले फासे हळूच काढून घेतले.